सटवाची बैलं आणि परळीची मालगाडी

गहिनीनाथाच्या गावात कुठल्याच गाडीची शिट्टी ऐकू येत नाही. गाव वडवणी तालुक्यातलं. जवळचं म्हणावं असं स्टेशन परळीचं, आणि तेसुद्धा एसटीत हाडं खिळखिळी झाल्यावर येतं. तरी हा माणूस रेल्वेवेडा. सकाळी गावच्या दूध सोसायटीत दुधाची फॅट मोजायची, कॅन टेम्पोत चढवायचे, हात पुसायचे आणि मोबाईल उघडायचा, तो थेट ‘मीटरगेजची माणसं’ या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. बायको म्हणायची, दारातल्या म्हशीचं नाव विचारलं तर यांना सांगता यायचं नाही, पण इंजिनाचा नंबर तोंडपाठ.

ग्रुप होताच तसा नादी लोकांचा. परभणी-परळीची छोट्या रुळांची गाडी बंद होऊन जमाना झाला, पण गंगाखेडच्या पुलावर तिचा आवाज कसा बदलायचा यावर ही मंडळी अजून हमरीतुमरीवर यायची आणि संध्याकाळी एकमेकांच्या नातवांची खुशाली विचारायची. दर रविवारी एकानं जुना फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यातली सावली बघून वेळ सांगायची, असा त्यांचा रिवाज होता. वेळ कळली की गाडी कुठली ते कळतं. यात शहादेवरावांचा हात कुणी धरत नसे. ते परळीच्या मालधक्क्यावर बाबू होते, आता घरी बसून सावल्या वाचायचे.

गहिनीनाथ सगळ्यांच्या आठवणी चवीनं वाचायचा, स्वतःची मात्र कधी लिहायचा नाही. त्याच्याकडं एक होती. ती त्याची नव्हती, त्याच्या बापाची होती, आणि ती सांगायची त्याला लाज वाटायची.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या सोसायटीनं जनावरांसाठी बाहेरून वाळलं गवत मागवलं. ते मालगाडीनं परळीला यायचं आणि गावच्या बैलगाड्या ते आणायला जायच्या. त्यात त्याचा बाप सटवा होता. पंचविशीचा गडी, आगगाडी पहिल्यांदाच बघत होता. त्यानं बैलं जुवाखालून सोडली आणि उभ्या मालगाडीच्या डब्याला बांधली. उभी दिसेल ती वस्तू म्हणजे खुंटा, एवढं शेतकऱ्याला कळतं. गाडी मात्र खुंटा निघाली नाही. ती हलली, बैलं तिच्याबरोबर पळायला लागली आणि बैलांमागं सटवा. गार्डनं बघितलं, लाल झेंडी दाखवली, गाडी थांबली. बैलांना खरचटलंसुद्धा नाही.

पण गोष्ट गावात आली आणि मुक्कामालाच राहिली. पुढं काही वर्षांतच सटवा काविळीनं गेला, तेव्हा गहिनीनाथ रांगत होता. बापाचा एक फोटो घरात नाही. लग्नात, पारावर, सोसायटीच्या मीटिंगात कुणी ओळख करून दिली की ठरलेलं वाक्य यायचं, “आगगाडीला बैलं बांधलेला सटवा, त्याचा पोरगा ह्यो.” लोक हसायचे. गहिनीनाथही हसायचा, आणि घरी येऊन उगाच कुणावर तरी खेकसायचा. बाप असा होता की तसा होता, हे सांगणारं कुणी नाही. आई मनकर्णा तर त्या गोष्टीवर तोंडच उघडायची नाही.

तर असा एक रविवार आला. फोटो टाकायची पाळी परळीच्या उत्तरेश्वरची होती. त्याच्या वडलांचा स्टेशनाजवळ फोटो स्टुडिओ होता आणि गिऱ्हाईक नसलं की ते कॅमेरा घेऊन यार्डात जायचे. उत्तरेश्वरनं टाकलेल्या फोटोत धूर सोडणारं इंजिन होतं, डब्यांची रांग होती आणि शेवटाकडच्या एका डब्याला चक्क बैलजोडी बांधलेली होती. मागून एक धोतरवाला दोन्ही हात वर करून पळत होता. फक्त त्याची पाठ दिसत होती.

ग्रुपवर हसून हसून पुरेवाट झाली. कोण म्हणालं, डबल इंजिनाची गाडी. कोण म्हणालं, या वेड्याला बक्षीस द्या. शहादेवरावांनी सावली बघून दुपार कललेली आहे म्हणून सांगितलं.

गहिनीनाथानं फोटो बोटांनी मोठा केला. डावीकडच्या बैलाचं एक शिंग अर्धं तुटलेलं होतं. तुटक्या शिंगाच्या खिलाऱ्याचं नाव आईच्या तोंडून त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. गप्प बसणं सोपं होतं. कुणाला काय कळणार होतं? पहिल्यांदा त्याला नेहमीची लाज वाटली, मग त्या लाजेचीच लाज वाटली. त्यानं लिहिलं, “हा माझा बाप. मी याचं तोंड कधी पाहिलेलं नाही. या रोलमध्ये आणखी एखादा फोटो निघेल का?”

हसणं जागच्या जागी थांबलं. ज्यानं बक्षीस द्या लिहिलं होतं, त्यानं ते पुसून टाकलं. उत्तरेश्वरचा फोनच आला. “दादा, निगेटिव्हचे डबे माळ्यावर हायत. मी समदे धुंडतो. तुमी कायबी मनात आणू नका.”

गहिनीनाथानं आईला सांगितलं तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. सूप तिनं खाली ठेवलं.

“तोंड इसराया लागले बाबा मी त्येंचं,” ती म्हणाली. “आवाज ध्यानात हाय, चालणं ध्यानात हाय. तोंड आठवाया जावं, तर तुजंच म्होरं यतंय. लई भ्या वाटतंय मला.”

एवढ्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. गहिनीनाथानं सूप उचललं आणि तिच्याजवळ बसून उरलेली ज्वारी पाखडली.

त्याच आठवड्यात उत्तरेश्वरचा निरोप आला, “सापडला. पळायच्या आधीचा हाय. मायला घेऊन या.”

स्टुडिओत शहादेवरावही येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू सोयरीक जमवायला आलेत. उत्तरेश्वरनं मोठी प्रिंट काढून ठेवली होती. ती त्यानं दोन्ही हातांनी मनकर्णाच्या मांडीवर दिली.

मालगाडी उभी होती. डब्याच्या कडेला बैलं बसली होती आणि थोडं अलीकडं सटवा उभा होता, समोर बघत. सडपातळ, मोठ्या कानांचा, डोळे बारीक केलेला. गहिनीनाथाच्या थोरल्या पोराहून वयानं थोडाच मोठा. गहिनीनाथ त्या तोंडाकडं बघत राहिला आणि त्याला आपल्या बापाची माया आली, लेकराची यावी तशी.

सगळे मनकर्णाच्या रडण्याची वाट बघत होते. ती रडली नाही. फोटोवर वाकून ती म्हणाली, “तितं झाड न्हवतं का हो एकबी?”

“झाडं होती, आजी, पर पाला कुटला?” शहादेवराव म्हणाले. “शेळ्यांसाटी लोकांनी कडूलिंबं ओरबाडून नेली होती. समद्या यार्डात सावली म्हणून नव्हती.”

“मग बरूबर हाय,” मनकर्णा म्हणाली आणि तिनं फोटोवर बोट ठेवलं. “बैलं सावलीला हायत. आखूड बांधलीत, उनात सरकू न्हाईत म्हणून. आन् सोता बगा कुटं उबा हाय.”

तिघेही वाकले. डब्याची सावली जेमतेम खाटेएवढी रुंद पडली होती. दोन्ही बैल तिच्यात नीट मावले होते. सटवाला तिच्यात जागा उरली नव्हती. तो बोडक्या डोक्यानं रणरणत्या उन्हात उभा होता, म्हणून डोळे बारीक केलेले.

शहादेवरावांनी चष्मा काढून पुसला. जन्मभर सावलीत नुसतं घड्याळ बघत आलो, असं काहीतरी ते पुटपुटले. गहिनीनाथाला हुंदका आवरला नाही. ज्यावर सगळं गाव इतकी वर्षं हसलं, ते एवढंच होतं: दोन दिवसांची वाट तुडवून आलेल्या मुक्या जनावरांना बापानं सावली शोधून दिली होती.

“ग्रुपवर टाकू का, दादा?” उत्तरेश्वरनं हळूच विचारलं. “का राहू देऊ?”

“टाका की,” गहिनीनाथ म्हणाला. “नाव घालून टाका.”

चहा झाला, निरोप झाले. उत्तरेश्वरनं फोटोच्या पैशाचं नाव काढू दिलं नाही. मायलेक स्टँडावर आले तेव्हा ऊन भर माथ्यावर होतं आणि वडवणीची गाडी लागायची होती. बसायच्या ओट्याला पत्र्याची सावली जरा कमीच पडत होती. मनकर्णाचे गुडघे उन्हात होते, आणि गुडघ्यावर फोटो. तिनं डोक्यावरचा पदर ओढून फोटोवर धरला. डोकं उघडं पडलं, त्याचं तिला भान नव्हतं.

“माय, पदर डोईवर घे. उनानं फोटोला काय होत न्हाई.”

“फोटोला न्हाई रं,” मनकर्णा म्हणाली. “त्येंला.”