खोक्यावरचं नाव

लस टोचणाऱ्या सिस्टरला दिवसभर एकच प्रश्न झेलावा लागायचा, "कुठल्या देशाची?" खोक्यावर नावडत्या देशाचं नाव दिसलं की माणसं वर केलेली बाही खाली ओढून चालती व्हायची. खिशातला फोन, पायातले बूट, पोरांची खेळणी त्याच देशातली; ती मात्र चालायची.

कळस घरातच होता. तिच्या थोरल्या दिरांचं औषधांचं दुकान. त्याच देशाच्या गोळ्या विकून पोट भरायचे आणि जेवताना म्हणायचे, "तिकडचा थेंबसुद्धा आईच्या अंगात जाऊ देणार नाही. चांगली येईल तेव्हा बघू."

"भाऊजी, साथ काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

"तुझी नोकरीच आहे ती, तू बोलणारच."

सासूबाई बिचाऱ्या दंड पुढे करून बसलेल्या. "टोच गं बाई, मला काय कळतंय देशातलं!" पण थोरल्यापुढे त्यांचं काही चालेना. भांडण नको म्हणून सिस्टरनंही तोंडाला कुलूप घातलं.

तीन आठवड्यांनी सासूबाईंना ताप भरला. सहाव्या दिवशी त्या गेल्या. भाऊजी धाय मोकलून रडले आणि येईल त्याला सांगत सुटले, "वयच झालं होतं."

महिन्याभरानं आवडत्या देशाची खोकी आली. रांग दवाखान्याच्या फाटकाबाहेर गेली. पहिले भाऊजी, कडक इस्त्रीच्या शर्टात. बाटली उघडून सिस्टरनं सवयीनं खोक्यातला कागद वाचला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं : औषध त्याच नावडत्या देशातलं, इकडे फक्त बाटल्यांत भरलेलं. तिनं कागद भाऊजींपुढे धरला.

त्यांनी वाचला, मागे वळून पाहिलं आणि घडी घालून तिच्या हातात कोंबला. "असू दे. वर नाव चांगलं आहे ना, झालं तर. टोच लवकर."

"आई याच औषधावाचून गेल्या, भाऊजी."

"हळू बोल, लोक ऐकतील."

तिनं सुई टोचली, कापूस दिला, आणि मग तिचा तोल गेला. रांगेच्या शेपटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं तो कागद वाचून दाखवला. कुणी "फसवणूक!" म्हणून ओरडलं, कुणी पायरीवर थुंकलं. पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. सगळ्यांत आधी वळली ती सासऱ्यांना चाकांच्या खुर्चीत घेऊन आलेली एक बाई.

बाटलीत दहा जणांचं औषध होतं, उघडल्यावर काही तासांतच संपवायचं. कुणीच फिरकलं नाही, तेव्हा नऊ जणांचं तिनं टाकून दिलं. भाऊजींची किळस तर होतीच. आता स्वतःचीही आली.

दुसऱ्या दिवशी नावनोंदणीच्या यादीतला पत्ता शोधत, लसीची गारपेटी घेऊन ती त्या खुर्चीवाल्या आजोबांच्या दारात गेली. सुनेनं दार फटीएवढंच उघडलं.

"काल तुम्हीच वाचून दाखवलंत ना, सिस्टर? मग आज कुठल्या तोंडानं आलात?"

आतून म्हाताऱ्याचं खोकणं ऐकू आलं, आणि दार लागलं.