एका पाइपाची दोन तोंडं

एकाच शेडमध्ये दोन भावांची सुतारकामाची दोन दुकानं होती आणि मधे प्लायवुडची भिंत होती. भिंत दोघांनी मिळून घातली होती. न बोलता एकत्र केलेलं त्यांचं ते शेवटचं काम, आणि ते अगदी ओळंब्यात झालं होतं.

भांडणाचं कारण एक कपाट. गिऱ्हाइकाच्या घरी नेलं तर ते दारातून आतच जाईना. थोरला म्हणाला, माप धाकट्यानं घेतलं. धाकटा म्हणाला, माप बरोबर होतं, थोरल्यानं ऐकलं चुकीचं. कपाट शेवटी गिऱ्हाइकाच्या व्हरांड्यात राहिलं आणि तिथे चपला ठेवायच्या कामी आलं. भावांचं बोलणं मात्र कायमचं तुटलं.

तरी धंदा चालायचा होता. लाकूड एकाच ठिकाणाहून येई, विजेचा मीटर एकच होता, आणि थोरल्याची बायको दोन्हीकडचं पॉलिशचं काम करत असे. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. निरोपांची ने-आण तिच्याकडे आपोआप आली. ब्रश हातात धरून ती दिवसभर या दारातून त्या दारात जायची.

शेजारी लाँड्री होती. एके दिवशी लाँड्रीवाला पांढरी चादर खांद्यावर टाकून जागामालकाकडे गेला. चादरीवर सागाच्या भुशाचा थर बसला होता. जागामालक शेडमध्ये आला, त्याला तिथेच चार शिंका आल्या, आणि त्यानं सांगून टाकलं, "भुसा ओढणारं मशीन बसवा, नाहीतर जागा सोडा."

मशीन ठेवायला जागा होती फक्त मागच्या बोळात, तीही एकाच मशीनपुरती. म्हणजे मशीन दोघांत एक घ्यावं लागणार होतं.

फिटर मापं घ्यायला आला तेव्हा दोघे भाऊ त्याच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"धाकट्याला म्हणावं, मोठा पाइप माझ्याकडून सरळ जाऊ दे," थोरला वहिनीला म्हणाला.

"दादाला म्हणावं, सरळ गेला तर माझ्या घासायच्या सँडरला वळसा पडेल," धाकटा वहिनीला म्हणाला.

वहिनीनं फिटरकडे पाहिलं. "तुम्हाला दोघांचं ऐकू आलं ना?"

"आलं की," फिटर म्हणाला. "पण मला कुणी काही विचारलेलं नाही."

मग त्यानं काम समजावलं. बोळातल्या मशीनपासून एक जाड पाइप भिंतीपाशी येणार, तिथे त्याला दोन फाटे फुटणार. एक फाटा थोरल्याच्या कटरला, दुसरा प्लायवुडला भोक पाडून धाकट्याकडे. वळणं जितकी कमी तितकी ओढ चांगली. प्रत्येक फाट्याला एक सरकती झडप, म्हणजे जे मशीन चालू असेल तेवढ्याचीच झडप उघडायची.

सांगायला सोपं होतं. थोरल्याचा कटर त्याच्या लग्नाआधीचा. त्याला भुसा बाहेर टाकायला तोंडच नव्हतं, तो चौफेर उधळायचा. थोरल्यानं पात्याखाली बसेल अशी प्लायची पेटी केली आणि तिला गोल भोक पाडलं. पाइप त्या भोकात सैल बसायला लागला, तेव्हा त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून क्लिप आवळली. धाकट्याच्या सँडरची नळी मनगटाएवढी आणि फाटा मांडीएवढा. त्यानं लाकडाचं नरसाळं कातून दोन्ही जोडले, फटींवर चिकटपट्टी मारली आणि हात लावून कुठे हवा निसटते का ते पाहिलं. फिटरनं पाइपावरून तांब्याची तार फिरवून जमिनीत सोडली. भुसा घासून ठिणगी पडू नये म्हणून, असं तो म्हणाला. पेटी बघून त्यानं मान डोलावली आणि नरसाळं बघूनही डोलावली. दोघांनाही वाटलं, आपल्याच कामाला डोलावली.

मशीन सुरू झालं तेव्हा भुसा खरोखर पेटीत ओढला गेला. थोरला बघतच राहिला. मग पलीकडे धाकट्यानं झडप उघडली आणि इकडची ओढ एकदम मेली. कटरनं समाधानानं भुसा थोरल्याच्या तोंडावर उडवला.

तेव्हापासून आळीपाळीनं काम करणं आलं. थोरला कापणार असेल तर वहिनी पलीकडे सांगायला धावे. धाकटा घासणार असेल तर वहिनी इकडे. तिचे पाय दुखायला लागले.

एका दुपारी मोटर बंद होती आणि दोन्ही झडपा उघड्याच राहिल्या होत्या. थोरला पेटी साफ करायला खाली वाकला, आणि पात्याखालच्या पाइपातून त्याच्या भावाचा आवाज आला.

"हे काम मी घेत नाही," धाकटा कुणा गिऱ्हाइकाला सांगत होता. "या खुर्चीचे सांधे खिळ्याशिवाय बसवायला हवेत. ते दादाच्या हाताला जमतं, माझ्या नाही. पलीकडे जा. पण मी पाठवलंय म्हणू नका."

थोरला तसाच वाकून राहिला. थोड्या वेळानं गिऱ्हाईक मोडकी खुर्ची घेऊन त्याच्या दारात उभं राहिलं. "सहज जाता जाता बोर्ड दिसला," ते म्हणालं. दाराला बोर्ड नव्हता. थोरल्यानं खुर्ची ठेवून घेतली.

त्या दिवसापासून थोरला मोटर वारंवार बंद करू लागला. कधी क्लिप तपासायची असे, कधी पेटी. एकदा ऐकू आलं, "दादाचा हात सोन्याचा." पुढच्याच दिवशी आलं, "पण तोंड उघडलं की माणूस पळून जावा." थोरल्यानं ते जेवतानाही मनात घोळवलं. भाजीत मीठ नव्हतं हे त्याला कळलंच नाही.

मग त्यालाही सुचलं. वहिनीला पेटीजवळ बोलावून तो मोठ्यानं म्हणाला, "धाकट्याचं घासकाम फार उत्तम असतं. त्याला तोड नाही."

"अहो, सभेत बोलल्यासारखं काय बोलताय?" वहिनी म्हणाली. "आणि कुणाला ऐकवताय?"

पलीकडे धाकट्यानं सँडरची नळी कानाला लावलेली होती. पाइपाला दोन्ही बाजूंनी ऐकू येतं हे त्याला त्याच क्षणी कळलं. त्यानंतर दोघेही खरं काही बोलेनासे झाले. इकडून मोजूनमापून स्तुती, तिकडून त्याहून मोजलेली. काम मागे पडलं. जागामालक सगळ्यांना सांगत सुटला, मशीन बसवल्यापासून शेड किती शांत झालीय.

एके सकाळी वहिनी पॉलिशचा डबा घेऊन थोरल्याकडे आली तर तो जमिनीवर आडवा, पेटीत कान घालून. ती पलीकडे गेली. धाकटा नरसाळ्यात कान घालून. कुणीच काही बोलत नव्हतं. दोघे एकमेकांच्या गप्प बसण्याकडे लक्ष देऊन होते.

थोरल्याला खोकला आला. तो दाबायला गेला, तर आणखी मोठा आला.

"वाफ घे," पाइपातून आवाज आला.

थोरल्यानं घसा खाकरला. मग म्हणाला, "तू मास्क लावतोस का?"

"लावतो."

"खोटं. तुझा आवाज नाकातून येतोय."

"पाइपातून येतोय, दादा."

पुढच्या पाच मिनिटांत ते कपाटावर आले. माप, दार, ऐकणं, सांगणं, सगळं पुन्हा एकदा निघालं, आणि यावेळी मधे कुणी नसल्यामुळे पुरेपूर निघालं. वहिनी दोन दारांच्या मधोमध ओट्यावर बसून राहिली. शेवटी दोघेही दमले. थोरला म्हणाला, "बरं, मी आता कापतोय. झडप लाव." तिकडून झडप सरकल्याचा आवाज आला.

आता निरोप्याची गरज उरली नाही. वहिनी आठवडाभर बहिणीकडे जाऊन राहिली. परतली तेव्हा दोघांपैकी एकानंही कशी आहेस विचारलं नाही. शाळेच्या बाकांचं मोठं काम आलं होतं आणि पाइपावर त्याचीच चर्चा चालू होती. थोरला पाय करायचा, धाकटा फळ्या. "वर थोडं सोड." "किती थोडं?" "तुझ्या करंगळीएवढं." गिऱ्हाइकं आली की पांढऱ्या केसांचा माणूस कटरखाली डोकं घालून ओरडताना बघायची आणि दारातूनच परत फिरायची.

बाकं पोचवायला टेम्पो आला. दोघांना जावंच लागलं. थोरला ड्रायव्हरशेजारी बसला, धाकटा मागे बाकांवर. शाळेत पोचल्यावर त्यांनी एकेक बाक दोन टोकांना धरून आत नेलं. धाकटा एकदा "दादा" म्हणायला गेला, पण समोर प्रत्यक्ष चेहरा होता. त्यानं बाकाचं टोक नीट सावरून धरलं. थोरल्यानंही काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बाकावरची नसलेली धूळ पुसली. मुख्याध्यापिकेनं बाकांवरून हात फिरवून विचारलं, "दोघं भाऊ का?" दोघांनी खिडकीबाहेर बघत मान डोलावली.

परत आल्यावर थोरल्यानं चप्पलही काढली नाही. तो थेट कटरपाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि पेटीत तोंड घातलं.

"बाकं चांगली दिसत होती," तो म्हणाला.

"हो," पाइपातून आलं. "मीही बघितली."