अंगुस्तानाची खूण

चैत्राची दुपार नागपूरच्या विमानतळावर वितळत होती. तप्त, शुभ्र, निर्दय दुपार! धावपट्टीवर मृगजळ थरथरत होतं, आणि हँगरच्या लोखंडी छायेत एक रजतपंखी विमान गगनाकडे तोंड करून उभं होतं. चार वाजता ते प्रवासी घेणार होतं.

चंद्रकला भोयरच्या जिवाला मात्र चैन नव्हतं.

विमान हिंदकळलं तर डोकी फुटू नयेत म्हणून आतल्या भिंतींवर मऊ अस्तर असतं. या विमानाचं अस्तर सदोष निघालं. आतला फोम मेलेला. तीन दिवस ती जुनं उसवत होती, नवं शिवत होती. नवा प्रत्येक तुकडा आधी उघड्या अंगठ्याने दाबायचा, पारखून शिवायचा, की लगेच पुढचा. जिवंत फोम अंगठ्याला परत ढकलतो, मेलेला ढकलत नाही. पारख डोळ्यांची नव्हे, कातडीची.

एकवीस तुकडे दाबले, शिवले, भिंतीवर चढवले. आणि आता, हात धुताना, अंगठ्यावर पितळ चमकलं. सुई टोचू नये म्हणून चढवलेलं अंगुस्तान! पितळातून फोमचं ढकलणं कळत नाही. शेवटचा तुकडा दाबताना ते काढलं होतं का? काढलं होतं? की नव्हतं?

अगं बाई, आठव ना!

आठवेना. शेवटचा तुकडा पहिल्या रांगेपुढचा. तिथे तान्ह्या लेकरांच्या आया बसतात. एक इवलंसं, कोवळं, जावळाचं डोकं तिच्या डोळ्यांपुढे हिंदकळू लागलं. हिंदकळतच राहिलं. ती ओल्या हातांनी धावत सुटली.

"खोब्रागडे साहेब, विमान थांबवा जी! माझं चुकलं."

मुख्य अभियंत्याचं पेन विमान सोडायच्या सहीच्या कागदावर थबकलं. "आता काहून, बाई? तासाभरात लोकं चढतीन!"

"पहिल्या रांगेपुढचा तुकडा मी अंगुस्तानानं दाबला असन. पक्कं आठवत नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग पेन खिशात घातलं. "उसवा."

एक टाका तुटला. दुसरा तुटला. तिला लाज वाटत होती, भीती वाटत होती. अस्तर बाजूला झालं.

पिवळ्या फोमवर एक खळगा होता, तसाच, न भरलेला. आणि खळग्यात अंगुस्तानाचे बारीक, बारीक ठिपके.

साहेबांनी सहीचा कागद फाडला.

चंद्रकलेने अंगुस्तान काढून ठेवलं, नवा तुकडा पुढे ओढला, उघडा अंगठा त्यात रोवला. फोम वर आला, अंगठ्याला ढकलत वर आला. तिने पुन्हा दाबला. पुन्हा वर आला. तिने पुन्हा दाबला.