उत्तरेच्या भिंतीबाहेर

"घे, अजून मागे घे. भिंतीला नाही लागत," इशबेल हातानं खुणावत म्हणाली.

भाड्याची निळी गाडी खडीवर करकरत मागे सरकली आणि कबरस्तानाच्या उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून थांबली. इशबेलनं एकदा चाकांकडे पाहिलं. मग एप्रनच्या खिशातून फाटकाची किल्ली काढली.

गाडीतून उतरलेली बाई चाळिशी ओलांडलेली होती. एका हातात पांढरी फुलं, दुसऱ्या हातानं छातीशी धरलेली लाकडी पेटी.

"मी ग्रेटा. कॅनडाहून आलेय. दुकानात म्हणाले, किल्ली पांढऱ्या घरातल्या मावशींकडे असते."

"असते. पेटीत काय आहे?"

"आई."

इशबेलनं मान डोलावली आणि फाटक ढकललं.

"सकाळपासून मी वरच्या चर्चाभोवती फिरतेय," ग्रेटा मागून म्हणाली. "माझ्या आईचं आजोळ त्याच चर्चात जायचं, असं ऐकलं होतं. तिथं तर एकही कबर नाही."

"कशी असेल? ते फुटून निघालेल्यांचं चर्च. देवावरून भांडले, वेगळं छप्पर बांधलं. पण मेल्यावर सगळे खाली इथंच, जुन्या चर्चाच्या आवारात." इशबेल हसली. "तुम्ही लांबून येणारी माणसं छप्पर शोधत बसता. माती कुठली ते विचारत नाही."

जुन्या चर्चाच्या आता तीनच भिंती उरल्या होत्या. आत खाजरी झुडपं माजली होती. वाऱ्याला समुद्राचा खारा वास होता. ग्रेटानं पर्समधून एक फोटो काढला.

"ही माझ्या आईची आई, बार्बरा मोवॅट. लग्न झालेलं नव्हतं. आई जन्मली आणि महिन्याभरात ही समुद्रात गेली. आईला दुसऱ्यांनी नेलं, वाढवलं. जाताना आई एवढंच म्हणाली, मला माझ्या आईपाशी ठेव." तिनं पेटी सावरली. "आणि ही मांडीवरची हिची धाकटी बहीण, इशबेल. ती असेल अजून, तर तिला जागा ठाऊक असेल."

इशबेलनं फोटो लांब धरून पाहिला. मांडीवरच्या पोरीच्या अंगात जाड विणीचा स्वेटर होता, एका बाहीला उसवलेला. बार्बरा तो शिवणार होती.

"असली तरी म्हातारी झाली असेल," तिनं फोटो परत दिला. "म्हाताऱ्यांच्या ध्यानात काय राहतं!"

मोवॅटांचा दगड चर्चाच्या दक्षिणेला, उन्हाच्या बाजूला होता. ग्रेटानं गुडघ्यांवर बसून अक्षरांवरून बोट फिरवलं. बाप होता, आई होती, लहानपणी गेलेला एक मुलगा होता. बार्बरा नव्हती.

"आईबाप इथं आणि ती नाही? मावशी, खरं सांगा. ती इथं आहे का?"

इशबेल खोटं बोलत नसे. सकाळ-संध्याकाळ बायबल वाचल्याशिवाय ती तोंडात घास घेत नसे, आणि खोट्याला त्या घरात जागा नव्हती.

"या भिंतीच्या आत ती नाही," ती म्हणाली.

ग्रेटाचे खांदे खाली आले. ती गुडघे झटकत उठली.

भिंतीबाहेरची माती इशबेलनं स्वतः पाहिली होती, सात वर्षांची असताना, आईचा स्कर्ट धरून. समुद्रात जीव दिलेल्या पोरीला आत घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती, बापाची होती. तो चर्चाच्या कारभारी मंडळींपैकी एक होता. त्यानं उत्तरेच्या भिंतीबाहेर खड्डा घेतला, वर दगड ठेवू दिला नाही. पुढं गाड्या आल्या, ती जागा गाड्यांना हवी झाली. खडी टाकायची का, असं गावानं विचारलं तेव्हा ज्यांचे हात वर गेले त्यांत इशबेलचाही होता.

ग्रेटा आता एकेक दगड वाचत फाटकाकडे निघाली होती. एका दगडापाशी ती थबकली.

"मावशी! जॉन स्वॉन्सन, आणि त्याची बायको... इशबेल मोवॅट!"

तिच्या देशात बायका नवऱ्याच्या नावानं पुरल्या जात. इथं दगडावर बाई माहेरच्या नावानंच जाई. आणि नवरा आधी गेला, तर तिचं नावही त्याच वेळी कोरून घेत. तारीख मागाहून. इशबेल पुढं झाली आणि वाटेत उचललेला फुलांच्या पाण्याचा डबा तिनं दगडाच्या पायाशी ठेवला, तारखेसाठी सोडलेल्या कोऱ्या जागेच्या बरोबर समोर.

"म्हणजे हीसुद्धा गेली," ग्रेटा पुटपुटली.

इशबेल वाकून दगडावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिली.

ग्रेटानं फुलं तिथं ठेवली. "हिनं तरी रडून घेतलं असेल तिच्यासाठी. एवढीशी होती." मग चेहरा पुसत म्हणाली, "आईला हिच्याजवळ ठेवू का? आईची मावशीच ती. थोडीशी माती उकरली तरी पुरे."

"जागा विकत घेतलेली असते. जिची जागा, तिनं हो म्हणावं लागतं."

"पण ती तर..."

"मग कोण हो म्हणणार?"

वारा वाढला होता. ग्रेटा पेटीवर हनुवटी टेकून फाटकाबाहेर आली. पेटी तिनं शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला. लहान मुलाला लावतात तसा.

"तुमचं नाव राहिलंच विचारायचं."

"किल्लीवाली म्हणतात मला. जा आता, फेरीबोट सुटेल."

ग्रेटानं खिडकीतून हात काढून तिचा हात दाबला. "फार केलंत हो माझ्यासाठी."

गाडीची चाकं जागच्या जागी एकदा फिरली, खडी उडाली, आणि गाडी वळणाआड गेली.

इशबेल आत गेली. आपल्या नावापुढची फुलं तिनं उचलली, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या ढिगावर टाकली, आणि भिंतीला टेकलेलं दाताळं घेऊन बाहेर आली. उद्या रविवार, गाड्या येणार होत्या. चाकांनी पाडलेले दोन खळगे तिनं ओढून ओढून सारखे केले. मधल्या पट्ट्यासाठी तिनं दाताळ्याचा दांडा लांब धरला, कमरेतून पुढं झुकली, आणि नेहमीसारखी त्याच्या कडेकडेनं, तिथं पाऊल पडू न देता, घराकडे वळली.