मधे दलाल नको

किलानीनं फळीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'घर विकणे आहे. दलालांनी फोन करू नये,' आणि ती फळी रस्त्याकडच्या भिंतीला ठोकली. जर्बा बेटावरच्या त्या गावात आजवर एकही घर हमीदा दलालाच्या जिभेवरून गेल्याशिवाय विकलं गेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी हमीदा दारात हजर.

"किलानी, ट्यूनिस शहरात चाळीस वर्षं वाणसामान विकलंस म्हणून घर विकता येतं, असं कुणी सांगितलं तुला? घर म्हणजे काय साखरेची पुडी?"

"साखर विकायलाही मला कधी दलाल लागला नाही."

"दलालीचे चार पैसे वाचव आणि कबरीत उशाला घे," हमीदा म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला.

म्हातारा कंजूषपणा करतोय, असंच सगळ्या गावाला वाटलं. जर्ब्याच्या वाण्याबद्दल असं वाटायला फार डोकं लागत नाही, आणि किलानीनंही ते वाटू दिलं. खरं कारण वेगळं होतं. हमीदाला गावातल्या प्रत्येक घराची कुंडली पाठ. त्यानं गिऱ्हाइकाला अंगणात उभं करून पावसाच्या पाण्याच्या टाक्याकडे बोट दाखवलं असतं आणि आवाज खाली आणून सांगितलं असतं, की या टाक्यात यांचा चार वर्षांचा वाएल बुडाला, आईनं झाकण उघडं ठेवलं होतं. ते शब्द पुन्हा ऐकायची किलानीची ताकद नव्हती. कारण झाकण उघडं ठेवलं होतं ते त्यानं स्वतः.

बावीस वर्षं झाली त्याला. तेव्हा तो वर्षातून एकदाच घरी यायचा. त्या खेपेला रात्रीच्या बसनं आला आणि पहाटेच्या नमाजाआधी त्याला तहान लागली. अकरा महिने ट्यूनिसच्या नळाचं पाणी प्यायलेल्या माणसाला घरच्या टाक्याच्या पाण्याची किती ओढ असते, हे बाहेरच्याला कळायचं नाही. त्यानं झाकण सरकवलं, बादली सोडली, उभ्याउभ्याच ओंजळभर पाणी प्याला आणि तसाच मशिदीत गेला. तिथून बाजारात. मासळीची पिशवी घेऊन परतला तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं आणि त्याची आई सुनेच्या अंगावर ओरडत होती. पाणी काढणं बाईचं काम. पुरुष आणि त्यातून पाहुण्यासारखा आलेला नवरा टाक्यावर जाईल, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याला कुणी विचारलंच नाही. त्यानंही आपणहून सांगितलं नाही, आणि पुढे, खोटं सांगू कशाला, ते गप्प राहणं सोयीचं झालं. मुलाच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर तो दुकानावर निघून गेला. त्या अंगणात राहिली ती त्याची बायको नजिया.

दुकान पुतण्याला देऊन तो तीन वर्षांपूर्वी कायमचा परतला, तेव्हा त्याला कळलं की ती रोज सकाळी टाक्याभोवती झाडते आणि झाकणावर हात ठेवून पुटपुटते. वाएलसाठी प्रार्थना करत असेल, असं त्याला वाटलं. एकदा जवळून ऐकलं. ती म्हणत होती, "पोरा, मला माफ कर." त्या दिवसापासून घर विकायचं त्याच्या डोक्यात बसलं. थोरली मुलगी हाजर सूस शहरात होती, आईबापांना बोलावत होती, नजियाचे गुडघेही कुरकुरत होते. निमित्तांना काय तोटा. नजिया "बरं" एवढंच म्हणाली.

फळी वाचून शाळामास्तर अनीस आला. सोबत बायको इब्तिसाम आणि अडीच वर्षांची मुलगी. घर त्यांना आवडलं. पांढऱ्या घुमटाची खोली, डाळिंबाचं झाड, अंगणातली सावली, सगळं पाहून झालं. किमतीचंही जमत आलं. किलानीला वाटलं, सुटलो.

"काका, एक राहिलं," अनीस म्हणाला. "घराचे दोष सांगा. मधे दलाल असता तर मी विचारलंच नसतं, तो खोटंच बोलणार. तुम्ही मालक आहात. देवाला साक्षी ठेवून तुम्ही सांगाल ते खरं."

किलानीनं दोष सांगितले. उत्तरेची भिंत हिवाळ्यात ओल धरते. मागच्या खोलीचं दार फुगतं. गच्चीला दर वर्षी चुना द्यावा लागतो. "एवढंच," तो म्हणाला.

तेवढ्यात ती चिमुरडी धावत जाऊन टाक्याच्या झाकणावर बसली. नजिया चहा घेऊन येत होती. तिनं तबक खाली ठेवलं, पोरीला उचललं आणि आईच्या मांडीवर दिलं.

"एक दोष राहिला," ती म्हणाली.

"नजिया, चहा निवतोय," किलानी म्हणाला.

"निवू दे. पोरी, तुझ्या पदरी मूल आहे म्हणून सांगते. या टाक्यात माझा वाएल गेला. आदल्या रात्री मी पाणी काढलं होतं. झाकण लावल्याचं आठवत नाही. बावीस वर्षं आठवून बघतेय, तुझ्या या मावशीला अजून आठवत नाही बघ. तेव्हा इथं राहायला आलीस तर याला कुलूप लाव, आणि किल्ली नवऱ्याजवळसुद्धा देऊ नकोस."

इब्तिसामनं पोरीला घट्ट धरलं. अनीस जमिनीकडे बघत राहिला. किलानीनं आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता. पण अनोळखी लोकांपुढे ती मान खाली घालून उभी होती आणि ते त्याला बघवेना.

"तिनं नाही," तो म्हणाला. "मी. पहाटे मी पाणी प्यायलो."

 नजियानं त्याच्याकडे पाहिलं.

"झाकण लावलेलं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"नीट लावलेलं होतं?"

"नीट. मलाच जोर करून सरकवावं लागलं."

"म्हणजे मी लावलं होतं," ती म्हणाली. मग खाली बसली आणि पुन्हा तेच म्हणाली, अगदी हळू, "म्हणजे मी लावलं होतं."

पाहुणे कधी उठून गेले हे दोघांनाही कळलं नाही. किलानीला वाटलं, आता ती ओरडेल, शिव्या देईल, भांडी फेकेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं निवलेला चहा एकेक पेला करून डाळिंबाच्या बुंध्याशी ओतला.

"तुमच्या आईनं मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही," ती शेवटी म्हणाली. "शेवटच्या दिवशी ओठ सुकले होते. मी वाटी पुढे केली तर त्यांनी तोंड फिरवलं. शेजारणीनं पाजलं. तुम्ही तेव्हा ट्यूनिसला होता. त्यांना आता कोण सांगणार?"

 किलानी रडला. तिनं त्याला गप्प केलं नाही.

चार दिवसांनी अनीसचा फोन आला. टाकं बुजवून घेऊ, म्हणाला, पण घर घेतो. एवढा दोष सांगणारा मालक आम्हाला कुठे मिळणार? मग त्यानं विक्रीच्या कागदावर सही केली आणि किलानीनंही केली. घर ठरल्याप्रमाणे विकलं गेलं, मधे दलाल नव्हता.

नजियाचं सामान म्हणजे दोन बोचकी. हाजर गाडी घेऊन आली होती. किलानीनं आपली पेटी डिकीजवळ आणून ठेवली, तेव्हा नजिया पुढच्या सीटवर बसलेली होती. तिनं काच खाली केली.

"तुम्ही नंतर या," ती म्हणाली.

"नंतर म्हणजे?"

तिनं काच वर केली. हाजरनं बापाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि गाडी सुरू केली. किलानी पेटीवर बसून राहिला. या घराची किल्ली आता त्याच्याकडे नव्हती आणि बेटावर त्याचं दुसरं घर नव्हतं.