मंजुरीची प्रत

सयाजीगंजातल्या दोन खोल्यांतून लक्ष्मीकांत गेली सव्वीस वर्षं 'शाळा कारभार' हे गुजराती मासिक काढत होते. वाचक कोण, तर शाळांचे आचार्य म्हणजे मुख्याध्यापक, ट्रस्टी आणि शाळा समित्यांचे सभासद. याखेरीज ते कुणी उघडून पाहिलं असेल, तर रद्दीवाल्याने.

मासिकाचा एक शिरस्ता होता. कुठल्याही शाळेविषयीचा मजकूर आधी त्या शाळेच्या अध्यक्षांकडे मंजुरीला जायचा. त्यामुळे सव्वीस वर्षांत तक्रारीचं एक पत्र आलं नव्हतं, आणि लक्ष्मीकांतांना त्याचा कोण अभिमान! दुधाने त्यांचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ते ताक फुंकून पीत.

फेब्रुवारीत नयनाबेनचा लेख आला. नंदेसरीकडच्या एका अनुदानित शाळेच्या त्या आचार्य. समितीच्या सभा फक्त रजिस्टरात भरतात, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. पालक कारखान्यातून सुटून मुलांना न्यायला येतात, तेव्हा शिपाई फाटकातच त्यांच्या सह्या उरकतो. त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी पहिल्यांदा मुलींच्या संडासाला दार मागितलं असतं. खाली एक ओळ होती : 'माझं नाव घालू नका. अध्यक्ष मला ठेवणार नाहीत.'

वाचून लक्ष्मीकांत हलले. असा लेख त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता. त्यांनी नाव काढलं, गाव काढलं. आणि मग, सवयीने म्हणा की भीतीने, प्रत अध्यक्षांना पाठवली. भीतीनेच. नावच नाही, मग हरकत काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. संडासाच्या दारावरून अध्यक्षांनी शाळा ओळखली.

त्यांचा फोन आला, "लेख सरस छे. पण छापशो नहीं."

लक्ष्मीकांतांनी त्या पानावर एका ट्रस्टींचा सत्कार छापला.

जूनमध्ये कळलं, नयनाबेनना आचार्यपदावरून उतरवून पहिलीच्या वर्गावर बसवलंय. बाईंच्या इतक्या वर्षांच्या कष्टांची आपण माती केली, हे लक्ष्मीकांतांना पुरतं ठाऊक होतं. रविवारी ते माफी मागायला त्यांच्या घरी गेले.

"या ना लक्ष्मीकांतभाई, बसा," म्हणत बाईंनी पाणी दिलं. ते तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "तुम्ही जीव बाळू नका हं, मनाला लावून घेऊ नका. नाव काढलं तरी छापल्यावर ओळखतील, एवढं मी धरूनच चालले होते. पद गेलं तर गेलं. शंभर आचार्यांनी वाचलं ना, बस थयुं! अंक आणलात का? शाळेतला अध्यक्षांनीच दाबून ठेवला असणार. पालकांना दाखवायचाय मला."

अंक संपले म्हटलं असतं, तर विषय तिथेच मिटला असता. पण बाई इतक्या आशेने बघत होत्या, की खोटं बोलवेना.

"लेख छापलाच नाही, बेन."

"म्हणजे?" नयनाबेनना काही उमगेना. "मग अध्यक्षांना कुठून कळलं?"

"मीच पाठवला," लक्ष्मीकांत म्हणाले. "छापू का, म्हणून विचारायला."