दीड ओळ

आमच्या ह्यांना दगड वाचायचं वेड होतं. माणसं मात्र त्यांना कधी वाचता आली नाहीत. नगरच्या हायस्कुलात हे संस्कृत शिकवत, आणि सुट्टी लागली की देवळामागे, विहिरीत, उकिरड्याशेजारीसुद्धा शिलालेख शोधत हिंडत. पुण्याच्या एका संशोधन मंडळाच्या त्रैमासिकात ह्यांची दोन टिपणं आली होती, तीही अगदी मागच्या पानांवर. एकदा तरी आपलं नाव पुढच्या पानांवर यावं, एवढीच त्या माणसाची हाव होती.

माझं माहेर जामखेडचं. धाकटा भाऊ नारायण तिथेच दवाखान्यात डॉक्टर होता. त्यालाही वेड होतं, पण नारूचं. वेशीबाहेरच्या वाडीत पायऱ्यांची जुनी बारव होती आणि वाडीत घरटी एकाच्या पायातून तरी नारू निघायचा. दोऱ्यासारखा तो किडा काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. तुटला की पाय सुजलाच. नारायण सांगायचा, "ताई, दुखरा पाय घेऊन माणसं पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहतात. किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात, पाण्यातल्या बारीक पिसवा त्या पिल्लांना खातात आणि ते पाणी आपण पितो. नारू बाहेर यायला पुढं वर्ष लागतं, म्हणून कुणाला पाण्याचा संशय येत नाही." त्याचा उपाय साधा होता. पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधून रहाट बसवायचा, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही. दोन वर्षं खेटे घालून त्याने मंजुरी आणली होती. छगन गवंडी ठरला होता, दगडही येऊन पडले होते.

बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ आला आणि धोंड्याचं जेवण करायला आम्ही जामखेडला गेलो. पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. पोचल्याच्या संध्याकाळी हे बारव बघून आले ते चेहरा उजळूनच. पाण्याच्या जरा खाली, एका पायरीच्या दर्शनी अंगावर ह्यांच्या बोटांना अक्षरं लागली होती.

दुसऱ्या दिवशी पानं मांडली. ह्यांच्या पानात धोंडे, वर तुपाची धार. आई म्हणाली, "जावईबापू, काय हवं ते मागा. संकोच करू नका."

तोंडदेखलं म्हणायचं असतं ते. जावयाने हसून "सगळं पावलं" म्हणायचं असतं. पण ह्यांनी मागितलं.

"बारवेचं काम पाऊस लागेपर्यंत थांबवा. पाणी उतरलं की मला लेखाचा ठसा घ्यायचाय."

नारायणच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. "शामराव, याच दिवसांत पाणी तळाला जातं. सगळ्यात जास्त लागण याच दिवसांत..."

आईने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गप्प झाला. धोंड्याच्या पानावरून जावयाला नाही म्हणायचं, हे आमच्या घरात कुणी ऐकलंही नव्हतं. नारायण खाली बघून म्हणाला, "बरं."

परसात गाठून मी ह्यांना फैलावर घेतलं. "दगड काय पळून चाललाय?"

"बुजला की कायमचा गेला, इंदू. यादवांच्या काळातला निघाला तर?"

"आणि नारू?"

"लोक पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी पितायत. एका महिन्याने काय होतंय?"

शिकलेल्या माणसाचं हे बोलणं! माझा संताप झाला, पण माझं ऐकतो कोण.

नारायणने आपल्यापरीने तोड काढली. कुठला मासा पिसवा खातो हे तो दवाखान्यात काचेच्या बरण्या मांडून बघत बसायचा. त्यात उजवे ठरलेले बोटाएवढे मासे त्याने प्रवरेहून घागरी भरभरून आणले, वाटेत पाणी बदलत बदलत, आणि बारवेत सोडले. निदान तेवढा महिना निभावला असता.

पण पाणी उतरेना आणि ह्यांना धीर धरवेना. ह्यांनी वाडीतल्या एकाची बैलजोडी लावून मोटेने पाणी उपसायला सुरुवात केली. अक्षरं वर आली. तळाला वीतभर खोल गढूळ पाणी उरलं आणि मासे पांढरी पोटं वर करून तरंगू लागले. नारायण आला, एकेक मासा उचलून टोपलीत टाकला आणि दवाखान्यात निघून गेला. त्या उरलेल्या पाण्यात पाय घालून बाया वाटीवाटीने घागरी भरत होत्या.

त्यातलीच एक मनकर्णा. नवरा पलटणीत, म्हणून माहेरी राहिलेली. हसरी, धट्टीकट्टी पोर. फुगडीला तिच्यापुढे कुणी टिकत नसे. हे ओला कागद दगडावर बसवायला धडपडत होते. तिने घागर ठेवली आणि आपणहून कागदाची टोकं धरली.

"दाजी, काय लिव्हलंय ह्यात?"

"वाचलं की तुला पहिली सांगीन," हे म्हणाले.

ऊन डोक्यावर आलं. ती तिथंच वाकून ओंजळीने पाणी प्याली. मी वरच्या पायरीवरून ओरडले, "अगं, गाळून पी!"

"आक्का, हितं कशानं गाळू?" ती हसत म्हणाली आणि पुन्हा कागद धरायला वळली.

लेख निघाला दीड ओळीचा. यादव नाहीत, कुणी नाहीत. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा पाटलाने आईच्या नावाने बारव बांधल्याचा. ह्यांनी ठसा गुंडाळला आणि नगरला येऊन ट्रंकेत टाकला. पुण्याला पाठवलाच नाही.

त्या वर्षी पाऊस लवकर लागला. बारव भरली आणि छगनचं काम पुढच्या चैत्रावर गेलं. पायऱ्या बुजल्या तेव्हा उशीर झाला होता. उन्हाळा उतरता उतरता वाडीत जो तो पाय धरून बसला. मनकर्णाचा नारू गुडघ्यात निघाला. नारायण रोज जाऊन काडी फिरवत होता, पण किडा आतच तुटला. सांधा पिकला आणि बरा झाला तो वाकडाच, कायमचा. सासू येऊन पाय बघून गेली. पुढे नवरा रजेवर आला तो दुसरी करूनच परत गेला.

नारायणने हे सगळं पत्राने कळवलं. ह्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. पत्र वाचून हे दोन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर सुट्टीत शिलालेख शोधायला गेले नाहीत.

तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला. ट्रंक भरताना कपड्यांखाली मला ठशाची गुंडाळी दिसली.

"हे कशाला?"

"तिला सांगणार आहे."

"मासे मेले, पाय गेला, संसार गेला. आता तुमचं ओझं तिच्या डोक्यावर द्यायचंय?" मी तोडूनच बोलले. ह्यांनी गुंडाळी काही काढली नाही.

जामखेडला पान वाढलं. आईने या खेपेला "मागा" म्हटलं नाही. ह्यांनी आपणच म्हटलं, "नारायणराव, मनकर्णेला बोलवाल का?"

नारायण हातातला घास ठेवून म्हणाला, "तिला ठाऊक नाही, शामराव. तेच बरं आहे." मग जावयाला नाही म्हणायचं नाही म्हणून पुन्हा "बरं" म्हणाला, आणि हात धुऊन उठून गेला.

मनकर्णा काठी टेकत आली, वाकडा पाय पुढे पसरून ओटीवर बसली. हसणं तेच होतं. "दाजी, दगूड वाचला का न्हाई अजून? लई येळ लागला तुमाला."

ह्यांनी ठसा तिच्यापुढे उलगडला आणि बोट फिरवत वाचून दाखवलं. पाटलाने आईच्या नावे बारव बांधली, आल्यागेल्याने पाणी प्यावे, पुण्य माउलीस पोचावे.

"मग पोचलं आसंल की," मनकर्णा म्हणाली. "म्या काय थोडं प्याले व्हय?"

ह्यांचा धीर सुटला. पायऱ्या तेव्हाच बुजायच्या होत्या, दगड येऊन पडले होते, मी थांबवलं, पाणी मी उपसलं, मासे माझ्यामुळे मेले, सगळं सांगून टाकलं. मान खाली घालून, वर्गात मार खाणाऱ्या पोरासारखं. शेवटी म्हणाले, "त्या पाण्यानेच तुझा पाय गेला."

ती हळू म्हणाली, "म्हंजी पान्यातल्या देवींचा, साती आसरांचा कोप न्हवता?"

"नाही."

"पान्यातल्या दगडाला हात लावला म्हून आसरा कोपल्या, आसं समदी म्हनली. सासूबी त्येच म्हनली. माझं काईच चुकलं न्हवतं?"

"नाही गं. चूक माझी होती."

तिने ठशावर बोट ठेवलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नेलं. बोट लवकरच कागदाच्या कोऱ्या भागावर आलं.

"येवढंच व्हय?"

माझ्या मनात होतं, तिने शिव्या घालाव्यात, काठी उगारावी. तिने फक्त माझ्याकडे हात केला. मी तिला उठवलं. वाटेत तिने पाणीही मागितलं नाही. वाडी जवळ आल्यावर एकदाच बोलली.

"तीन वरसं दर आवसंला म्या आसरास्नी दहीभात ठिवला, आक्का. माझं चुकलं, पदरात घ्या, म्हून."

बारवेच्या नव्या कठड्यापाशी कालचा भात तसाच होता, मुंग्या लागलेला. तिने काठीने तो बाजूला सारला आणि आम्ही पुढे गेलो.